लावलं का जाते, सोडलं का येते

"अंग मग पाहू भाऊ. आधी पिशवी रिकामी करा."

टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पिशवी उपडी होते. दाबून दाबून चपट्या झालेल्या तीन ट्यूबा, त्यांतल्या एकीचं झाकण हरवलेलं म्हणून तोंडाशी कागदाचा बोळा. गोळ्यांची दोन पानं, एकावरचं नाव नेमकं कापलं गेलेलं. औषधी साबणाची झिजलेली वडी. कागदाच्या पुडीत कसली तरी काळी भुकटी. शाळेची मुलं ने-आण करणाऱ्या ऑटोवाल्याचा हा चौदा महिन्यांचा इलाज.

"लावलं का जाते, सोडलं का येते जी मॅडम," तो म्हणतो.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. नागपुरात त्वचारोगाचं शिक्षण संपवून २०१३ साली त्या इथं आल्या. बुधवारी गावचा बाजार असतो. त्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं बाजाराला येतात आणि येता येता दवाखान्याची पायरी चढतात. ऑटोवाल्याचं हे वाक्य डॉक्टरबाईंनी शेकडो तोंडांतून ऐकलं आहे, आणि त्या ते नेहमी लक्ष देऊन ऐकतात, कारण निम्मं निदान त्यातच असतं. जे मलम लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते आणि सोडल्यावर आठवड्यात दुपटीनं उसळते, त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं.

त्या भिंग घेऊन ट्यूबेवरची बारीक अक्षरं त्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. एका ट्यूबेत चार औषधं. गजकर्ण होतं बुरशीनं, आणि बुरशीवर चालणारं औषध यादीत सगळ्यांत शेवटी. मधली दोन इतर जंतूंवरची, बुरशीला त्यांचं काही नाही. पहिलं नाव स्टिरॉइडचं, तेही सर्वांत जहाल गटातलं.

"शेती आहे का?"

"आहे जी, दोन एकर धान."

"जागलीला जाता?"

तो मान हलवतो.

"मग ऐका. रात्री डुकरं धानात शिरली. जागल्या ओरडून राहिला. तुम्ही गेले अन् जागल्याच्याच तोंडावर हात ठेवला. ओरडणं थांबलं. डुकरं थांबली का?"

तो काही बोलत नाही. ट्यूबेकडे बघत राहतो.

खाज, लाली, जळजळ हे शरीराचं ओरडणं आहे. स्टिरॉइड ते थांबवतं आणि बुरशीला रान मोकळं होतं. पुस्तकातलं गजकर्ण नाण्यासारखं गोल असतं. कड उचललेली, तिच्यावर कोंडा, मधला भाग साफ. ऑटोवाल्याच्या कमरेवर तसं काहीच उरलेलं नव्हतं. वर्तुळात वर्तुळ, कडा पुसलेल्या, कमरेपासून ढुंगणापर्यंत पसरलेला तपकिरी पट्टा. आणि जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला, बाळंतिणीच्या पोटावर दिसतात तशा लांब जांभळट भेगा. जांघेची कातडी मुळात पातळ, तिथं औषध जास्त मुरतं. त्यात जहाल स्टिरॉइड महिनोन्‌महिने चोळलं की आतले तंतू तुटतात. गजकर्ण बरं होतं. या रेघा पुसट होतात, पण जात नाहीत. तीसपस्तीस वर्षांच्या माणसाला हे सांगताना डॉक्टरबाईंचा आवाज आजही खाली येतो.

पिशवी आधी पाहायची, हे त्या इथं येऊन शिकल्या. पहिली दोन-तीन वर्षं त्या शिकल्याप्रमाणे थेट कातडीच पाहत. पुस्तकात लिहिलं होतं, अंगावरच्या गजकर्णाला टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, दोन आठवडे. त्या तेच लिहून देत. एक बाई त्यांना अजून आठवते. रोवणीच्या दिवसांत आली होती. पोटावर, छातीखाली चट्टेच चट्टे. दोन आठवड्यांनी परत आली, फरक थोडा. आणखी दोन आठवडे. तिसऱ्यांदा आली तेव्हा डॉक्टरबाई तिला रागावल्या, "गोळ्या नीट घेत नाही तुम्ही. मध्येच सोडता." बाई खाली मान घालून ऐकत राहिली. पुन्हा आली नाही. आली ती वर्षभरानं, दोन लेकरं आणि सासू घेऊन. चौघांच्याही अंगावर गजकर्ण. मधल्या काळात घरात कोणीतरी दिलेली ट्यूब आली होती आणि ती चौघांनी मिळून वापरली होती.

बाईनं एकही गोळी चुकवलेली नव्हती. बदलली होती ती बुरशी.

साधारण २०१४-१५ पासून देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ एकमेकांना हेच सांगू लागले होते. दोन आठवड्यांत जाणारं गजकर्ण दोन महिन्यांत जात नाही, घरंच्या घरं घेऊन येतं, आणि नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. पुढं कारण उलगडलं. बुरशीला आपल्या पेशीचं आवरण बांधायला एक विकर लागतं. टर्बिनाफिन जाऊन त्या विकराला कुलूप लावतं. या नव्या बुरशीच्या जनुकात असा बदल झाला होता की कुलपाची जागाच बदलली. जपानमधल्या संशोधकांनी २०२० साली तिला स्वतंत्र जातीचं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. २०२३ साली ती अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये सापडल्याची नोंद झाली. नावात देशाचं नाव असावं का, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. डॉक्टरबाईंनी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं मात्र रोवणीच्या चिखलानं हात भरलेली ती बाई आली. तिची माफी त्यांनी नंतर मागितली. बाईला ती कशाबद्दल आहे तेही आठवत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी नागपुराहून एक जुना सूक्ष्मदर्शक विकत आणला. तपासणी साधी आहे. चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडनं खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणाचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवून पंधरावीस मिनिटं थांबायचं. कातडीच्या पेशी विरघळत जातात आणि बुरशीचे धागे उरतात, फांद्या फुटलेले, मध्ये मध्ये पेरं असलेले. या तपासणीचा खरा उपयोग त्यांना वेगळ्याच ठिकाणी सापडला. ऑटोवाल्याच्या बायकोला त्यांनी नळीतून पाहायला सांगितलं. तिनं एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे तं बांबूच्या काड्यावानी दिसते. पेरं आहेत याले." त्या दिवसापासून नवऱ्याची कॅप्सूल रोज जेवणानंतर त्याच्या हातावर ठेवायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं.

जेवणानंतर, हा मुद्दा छोटा नाही. इट्राकोनाझोल नावाचं जे औषध आता अशा गजकर्णाला बरेचदा द्यावं लागतं, ते पोटभर जेवणावर घेतलं तरच नीट अंगी लागतं. त्याला पोटात आम्लही लागतं. इथं अडचण अशी की गोळ्या म्हटलं की ॲसिडिटीची गोळी जोडीला घ्यायची सवय सगळ्यांना लागलेली. ती आम्ल कमी करते आणि बुरशीचं महागडं औषध तसंच वाया जातं. डॉक्टरबाई चिठ्ठीवर औषधाबरोबर काय घ्यायचं नाही तेही लिहितात, आणि आधीच कुठल्या गोळ्या चालू आहेत ते पिशवीतून काढून पाहतात. हृदय कमजोर असेल, यकृताचा त्रास असेल तर हे औषध देताच येत नाही किंवा फार जपून द्यावं लागतं. उपचार महिना, दोन महिने, कधी त्याहूनही लांबतो. मलम चट्ट्यावर आणि चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं. खाज थांबली म्हणून थांबायचं नाही, कातडी स्वच्छ दिसू लागल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं. "किती लावू?" असं कोणी विचारलं तर त्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळून दाखवतात. तेवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

ट्यूबा येतात कुठून, हा प्रश्न घेऊन त्या एकदा बाजारातल्या मेडिकलमध्ये गेल्या. भांडायला नाही, विचारायला. कायदा दुकानदारालाही माहीत होता. २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा प्रकारची स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत कातडीवरची काही मलमंही होती. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. दुकानातला तरुण पदविका घेतलेला, नीट बोलणारा होता. तो म्हणाला, "मॅडम, लोकं औषधाचं नाव घेतच नाहीत. रिकामी ट्यूब दाखवतात, हेच द्या म्हणतात. मी नाही म्हटलं तर पुढच्या चौकात भेटते. चिठ्ठी आणा म्हटलं तर म्हणतात, नुसतं खाजते, त्याच्यासाठी मजुरी बुडवू का?"

डॉक्टरबाईंना यात उत्तर द्यावं असं काही सापडलं नाही, कारण तो खरं बोलत होता. रोवणीच्या किंवा धानकापणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी सोडून, बसचं भाडं खर्चून, रांगेत बसणं म्हणजे काय ते त्यांच्या ओट्यावर बसलेली माणसंच सांगत. त्यांनी एका कागदावर तीन प्रश्न लिहून त्याला दिले. खाजतं का? चेहऱ्यावर किंवा जांघेत आहे का? घरात आणखी कोणाला आहे? पहिल्याचं उत्तर "नाही" आलं, किंवा दुसऱ्याचं "हो", तर ट्यूब देऊ नका, माझ्याकडं पाठवा. त्यानं तो कागद काउंटरच्या काचेखाली सरकवला. तो तिथं राहील याची खात्री डॉक्टरबाईंना नव्हती.

चेहऱ्याबद्दल त्यांनी मुद्दाम लिहिलं, कारण त्याच सुमारास त्यांच्याकडं वांग आणि काळे डाग घालवायला आलेल्या मुलींची रांग लागली होती. लग्न ठरलं की नणंद, मैत्रीण, पार्लरवाली, कोणीतरी एक मलम सुचवतं. त्यात रंग उजळणारं हायड्रोक्विनोन, सोलणारं ट्रेटिनॉइन आणि जोडीला स्टिरॉइड असतं. अशा तिहेरी मलमाची कल्पना १९७५ साली अमेरिकेत मांडली गेली. वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजके आठवडे ती कामाची आहे. इथं ती वर्षानुवर्षं रोज रात्री चेहऱ्यावर लावली जाते. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि मग सुटका नाही. गाल लाल, बारीक शिरा दिसणाऱ्या, उन्हात गेलं की आग, चुलीपुढं बसलं की आग, मुरमांचे पुंजके, ओठांवर लव. मलम थांबवलं की सगळं आणखी पेटतं. मुलीला वाटतं औषध बंद केल्यानंच हे झालं, आणि ती पुन्हा लावते. अशा मुलीला पहिल्या भेटीत डॉक्टरबाई फार औषध देत नाहीत. पुढचे दोन महिने चेहरा आधी बिघडेल आणि मग सुधारेल, हे तिला आणि तिच्या आईला बसवून सांगतात. लग्नाची तारीख जवळ असेल तर हे सांगणं फार कठीण जातं. एका आईनं विचारलं होतं, "तोवर लग्न झालं तं चालेल ना?" त्या मुलीच्या हळदीला डॉक्टरबाई गेल्या आणि चेहऱ्याला हळद लावू नका म्हणून बायकांना स्वतः सांगून आल्या.

करदोट्याचं प्रकरण वेगळं.

गजकर्ण कमरेभोवती नेमकं एका रेषेत का पसरतं, हे त्यांना एका चार वर्षांच्या पोराच्या कमरेवर कळलं. काळा करदोटा, त्यात ताईत, आणि दोऱ्याच्या वाटेनं गोल फिरलेला चट्टा. दोरा घामानं ओला होतो, आंघोळीनं ओला होतो, वाळत कधीच नाही. बुरशी त्यात घर करते. मनगटातला गंडा, दंडाचा दोरा, परकराची नाडी, सगळ्यांचं तेच. त्यांनी कात्री घेतली आणि म्हणाल्या, "हे काढावं लागेल." आजीनं पोराला उचललं आणि ती सरळ दवाखान्याबाहेर गेली.

पुढच्या बुधवारी डॉक्टरबाईंनी स्वतःच निरोप पाठवून आजीला बोलावलं. कात्री टेबलावर नव्हती. करदोटा कोणी बांधला, कधी बांधला, असं विचारत बसल्या. पोराच्या आधीचं एक बाळ वाचलं नव्हतं. हा दोरा त्यानंतरचा. बोलता बोलता तोड निघाली ती आजीकडूनच. ताईत काढून चांदीच्या पातळ साखळीत ओवायचा, साखळी आंघोळीनंतर पुसून घालायची, आणि जुना दोरा नदीत सोडायचा. चांदीला घाम चिकटत नाही, वाळायला वेळ लागत नाही. तेव्हापासून डॉक्टरबाई कोणाचाही दोरा कापत नाहीत. "तुमच्या घरी हे कोण बांधते?" असं विचारतात आणि त्या माणसाला बोलावतात. चांदी परवडत नसेल तर महिन्याला नवा दोरा बांधायचा, हीही तोड एका आजोबांनीच सुचवली. बाकीचं सांगणं त्यामानानं सोपं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात वाळवायचे, ओली चड्डी अंगावर वाळू द्यायची नाही, घट्ट जीन्स काही महिने पेटीत. घरात ज्याला ज्याला चट्टा आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी. सून सासऱ्यापुढं सांगत नाही, म्हणून त्या सुनेला पडद्यामागं वेगळं विचारतात, आणि बरेचदा तिलाही असतंच.

एकाच वेळी म्हणजे खरोखर एकाच वेळी, हे त्यांना खरजेनं शिकवलं. जवळच्या एका निवासी शाळेतून हिवाळ्यात मुलं येऊ लागली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोवती पुळ्या आणि रात्रभर खाजवणं. खरजेचा किडा डोळ्याला न दिसणारा, कातडीत बोगदा खणून अंडी घालणारा. पर्मेथ्रिनचं मलम त्याला मारतं. पण दोन मुलं बरी होऊन परत गेली की तिथं झोपणाऱ्या बाकीच्यांकडून पुन्हा घेऊन येत. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी डॉक्टरबाई, त्यांची परिचारिका आणि शाळेतल्या दोन शिक्षिका वसतिगृहात थांबल्या. प्रत्येक मुलाला मानेपासून पायाच्या नखांपर्यंत मलम, बेंबीत, नखांखाली, कुठंही जागा न सोडता. स्वयंपाकीणबाई, पहारेकरी, त्यांची लेकरं, सगळे. सकाळी आंघोळ, चादरी-पांघरुणं उकळत्या पाण्यात, आणि जे धुता येत नव्हतं ते पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर बाजूला, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा तीन-चार दिवसांपलीकडं टिकत नाही. आठवड्यानं पुन्हा तेच. दुसऱ्या आठवड्यात शाळेतून फोन आला, मुलं अजून खाजवतात, औषध लागू पडलं नाही. डॉक्टरबाई पुन्हा गेल्या, मुलं तपासली, नवी पुळी एकही नव्हती. मेलेल्या किड्यांची खाज दोन ते चार आठवडे राहते. हे आधी सांगायला त्या विसरल्या होत्या, आणि तोवर काही मुलांना पर्मेथ्रिन रोज लावलं गेलं होतं. कातडी कोरडी पडून त्यांना वेगळीच खाज सुटली होती. आता खरजेच्या चिठ्ठीवर पहिली ओळ तीच असते: खाज महिनाभर राहील, घाबरू नका, पुन्हा पुन्हा लावू नका.

खाजतं ते निदान येतं तरी. न खाजणारं येत नाही, हीच या भागात त्यांना सगळ्यांत जास्त चिंता वाटणारी गोष्ट आहे.

धानकापणी संपल्यावर एक पस्तिशीची बाई आली ती बोट भाजलं म्हणून. करंगळी चुलीतल्या निखाऱ्याला लागली आणि फोड येईपर्यंत तिला कळलं नाही. पिशवीत ट्यूब होती. दंडावरच्या तांबूस चट्ट्यावर आठ महिने लावत होती, गजकर्ण म्हणून. चट्टा खाजत नव्हता, कोंडा नव्हता, घाम येत नव्हता. डॉक्टरबाईंनी कापसाची वात ओढून बारीक केली. आधी निरोगी कातडीवर टेकवून दाखवली, मग बाईला डोळे मिटायला सांगितलं. "लागलं तिथं बोट ठेवा." कपाळावर ठेवलं. दुसऱ्या हातावर ठेवलं. चट्ट्यावर कापूस तीन वेळा टेकला, बाईचं बोट हवेतच थांबलं. डॉक्टरबाईंनी कोपराच्या मागची नस चाचपली. ती दोरीसारखी जाड लागत होती.

इथं रोगाचं नाव उच्चारणं हाच एक वेगळा भाग असतो. याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन उभं केलं. कुष्ठरोग झालेल्या माणसाला घरदार सोडावं लागत होतं तेव्हाची ती गोष्ट. आजही म्हाताऱ्या बाया "रक्तपिती" म्हणताना आवाज खाली घेतात. भारतात दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरल्याचं २००५ च्या डिसेंबरात गाठलं गेलं, पण ती देशाची सरासरी. चंद्रपूर-गडचिरोलीकडं नवे रुग्ण आजही सापडतात. आशाताई शोधमोहिमेत घरोघर फिरतात, "अंगावर न खाजणारा, न दुखणारा चट्टा आहे का?" म्हणून विचारतात, आणि बरेचदा उत्तर नकारार्थीच येतं. खाजत नाही, दुखत नाही, त्याचं काय सांगायचं?

डॉक्टरबाईंनी खुर्ची बाईच्या शेजारी ओढली. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने घ्यायचं, चट्टे पाचापेक्षा जास्त असते तर वर्षभर घ्यावं लागलं असतं. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण्याची भीती फार लवकर जाते. ताट वेगळं ठेवायचं नाही, अंथरूण वेगळं करायचं नाही. लघवी लाल होईल, ती औषधानं. घरातल्या बाकीच्यांना तपासून एक-एक डोस देता येईल, म्हणजे त्यांना होण्याचा धोका घटतो. बाईनं सगळं ऐकून एकच विचारलं, "माझ्या मालकाले तुम्ही सांगाल का?" सांगितलं. त्याच दुपारी, बाजारातून त्याला बोलावून, दोघांना समोर बसवून.

आणि त्या बाईच्या नसेची सूज उतरावी म्हणून तिला जे औषध सुरू करावं लागलं, ते स्टिरॉइडच होतं. प्रेड्निसोलोनच्या गोळ्या, हळूहळू कमी करत नेलेल्या. नस दुखावल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्या मिळाल्या तर हाताची ताकद परत येऊ शकते. तिची करंगळी बरीचशी सरळ झाली, बधिरपणा थोडा राहिला. त्यामुळं "स्टिरॉइड वाईट" असं डॉक्टरबाई कधी म्हणत नाहीत, कोणी म्हणालं तर थांबवतात. इसबाला, सोरायसिसला, अंगभर फोड येणाऱ्या काही आजारांना त्याच्यावाचून चालत नाही. आपलं मूल इसबानं रात्र रात्र रडत असताना केवळ नावाच्या भीतीनं मलम न लावणाऱ्या आयाही त्यांनी पाहिल्या आहेत, आणि ते पाहणंही तितकंच त्रासदायक होतं.

ऑटोवाला चौथ्या महिन्यात आला तो पिशवी न सांगता टेबलावर ठेवत. खाज गेली होती. कमरेचा पट्टा काळपट पडला होता, तो वर्षभरात फिका होईल. जांघेतल्या रेघांचा जांभळेपणा उतरून त्या पांढुरक्या झाल्या होत्या. "ह्या जाईन का जी?" त्यानं विचारलं. "नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यानं मान हलवली. पिशवीत आणखी एक ट्यूब होती, अर्धी वापरलेली. त्याची नाही, साळ्याची. साळा बाहेर ओट्यावर बसला होता.

त्याला आत बोलावायच्या आधी परिचारिका एक चिठ्ठी घेऊन आली. मेडिकलच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनानं लिहिलेलं: "मॅडम, ट्यूब दिली नाही. हिला खाजत नाही म्हणते." चिठ्ठीबरोबर बारातेरा वर्षांची एक मुलगी होती, शाळेच्या गणवेशात, उजवी बाही वर सरकवलेली. तिच्या मागं बाजाराची पिशवी हातात धरून तिचे वडील.

डॉक्टरबाईंनी मुलीला खिडकीजवळच्या स्टुलावर, उजेडात बसवलं आणि कपाटातून कापूस काढला.